‘गुप्तरोग’ आणि एच. आय. व्ही. : एका शब्दाची दोन गुपिते

लैंगिक संबंधांतून संक्रमित होणाऱ्या रोगांना ‘गुप्तरोग’ म्हणण्याची रूढी मराठीत दीर्घकाळ चालत आलेली आहे. रुग्णालयांच्या पाट्यांवर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी अक्षरे दिसतात. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर खात्रीच्या इलाजाची हमी देणाऱ्या वैदूंच्या जाहिरातीही याच शब्दाने रंगविलेल्या असतात. शब्दाची घडण संस्कृत आणि सभ्य आहे. गुप्त अवयवांचा रोग तो गुप्तरोग, एवढाच त्याचा मूळ अर्थ असावा. परंतु व्यवहारात ‘लपवून ठेवावयाचा रोग’ हाच अर्थ रूढ झाला. याशिवाय एक तिसरा अर्थही आहे आणि तो बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. या रोगांपैकी कित्येक रोग खुद्द रोग्यापासूनच लपून राहतात. शरीरात रोग असतो. पण वेदना नसते, व्रण दिसत नाही, तक्रार करावी असे काही जाणवत नाही.

लज्जेने लपविलेला रोग आणि लक्षणांवाचून लपलेला रोग, अशी ही दोन निरनिराळी गुपिते होत. पहिले समाजाने निर्माण केलेले आहे, तर दुसरे निसर्गाने. एकाच शब्दाने दोहोंवर पांघरूण घातले गेल्यामुळे त्यांतील भेद पुसला गेला. एच. आय. व्ही.चा विषाणू भारतात आल्यावर या पुसलेल्या भेदाची किंमत किती मोठी आहे, हे दिसून आले. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुणे शहरातून मिळाला. प्रस्तुत लेखात त्या पुराव्याचा, त्यामागील शरीरव्यापाराचा आणि त्याच्या मर्यादांचा परामर्श घेतला आहे.

नावांचा इतिहास

भारतीय भाषांनी या रोगांना दिलेली नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘उपदंश’ या नावाने जननेंद्रियावरील व्रणांचे वर्णन आढळते. आधुनिक मराठीत हाच शब्द ‘सिफिलिस’साठी योजला गेला, परंतु सुश्रुताचा उपदंश आणि आजचा उपदंश हे एकच होत, असे मानण्यास आधार नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ नावाच्या नव्या रोगाचा समावेश केला. फिरंगी लोकांच्या संसर्गातून तो येतो असे सांगून त्याने पारा आणि चोपचिनी हे त्यावरील उपचार दिले. रोगाचे नाव परक्यावर ढकलण्याची ही रीत केवळ भारताची नव्हे. इटलीत तो फ्रेंचांचा रोग ठरला, फ्रान्समध्ये नेपल्सचा, रशियात पोलंडचा. आणि तुर्की भाषेने भावमिश्राप्रमाणेच ‘फिरंगी’ हेच नाव त्याला दिले.

लोकभाषेने मात्र परक्याचा शोध न घेता शरीराची साक्ष प्रमाण मानली. मराठीतील ‘गरमी’ आणि उर्दू-पंजाबीतील ‘आतशक’ या दोन्ही शब्दांत उष्णतेची, अग्नीची कल्पना आहे. उर्दूतील ‘सोजाक’ हा शब्द जळजळीवरून आलेला आहे. मराठीतील ‘परमा’ हा ‘प्रमेहा’चा अपभ्रंश, म्हणजे स्रावावरून पडलेले नाव. जांघेतील गाठीला ‘बद’ म्हणत. व्रण, जळजळ, स्राव, गाठ अशी ही सारी नावे दिसणाऱ्या अथवा जाणवणाऱ्या लक्षणांवरून आलेली आहेत. ज्या रोगाचे लक्षण जाणवत नाही त्याला लोकभाषेत नावच नव्हते. आणि ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कोणी वैद्याकडे जात नाही.

एकोणिसाव्या शतकात शासनाने या क्षेत्रात प्रवेश केला तो पलटणींच्या काळजीपोटी. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची शरीरतपासणी सुरू केली; प्रखर विरोधानंतर १८८८ मध्ये तो रद्द झाला. या कायद्याच्या दृष्टीने रोगाचे घर म्हणजे वेश्येचे शरीर होय. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाची तपासणी त्यात नव्हती, आणि त्या पुरुषाच्या घरी असलेल्या पत्नीचा विचारही नव्हता. मराठीत या मौनाला पहिला ठळक छेद दिला तो र. धों. कर्वे यांनी. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक त्यांनी लिहिले, आणि १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्याची चर्चा पापपुण्याच्या भाषेतून बाहेर काढून आरोग्यशास्त्राच्या भाषेत आणण्याचा प्रयत्न केला. त्याबद्दल त्यांना न्यायालयात खटल्यांना तोंड द्यावे लागले. पुढे नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मुंबईच्या वेश्यावस्तीचे जग आणि तिची भाषा मराठी कवितेत आणली. सभ्य मराठीने ज्या वस्तीकडे पाठ फिरविली होती, तिची बोली अशा रीतीने साहित्यात प्रतिष्ठित झाली. परंतु वैद्यकीय व्यवहारातील मौन मात्र तसेच राहिले.

विषाणूला मिळणारी वाट

एड्सचे पहिले वैद्यकीय वृत्त १९८१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये पॅरिस येथे त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. आणि १९८६ मध्ये मद्रास येथे भारतातील पहिली लागण उघडकीस आली. हा विषाणू लैंगिक संबंधांतून संक्रमित होतो खरा. तथापि एका संबंधामागे लागण होण्याचा संभव, विशेषतः स्त्रीपुरुष संबंधात, एरवी बराच कमी असतो. मग तो काही ठिकाणी एवढ्या वेगाने का पसरला? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इतर लैंगिक रोगांत आहे.

एच. आय. व्ही. हा विषाणू मनुष्याच्या काही विशिष्ट पांढऱ्या पेशींतच शिरकाव करू शकतो. या पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-४’ नावाचे ग्राहक प्रथिन असते, आणि विषाणू त्यालाच चिकटतो. निरोगी त्वचा व श्लेष्मल आवरण हा विषाणूच्या मार्गातील अडसर होय. उपदंश, मृदुव्रण किंवा जननेंद्रियावरील हर्पीस यांमुळे व्रण पडला की हा अडसर तुटतो. पण केवळ दार उघडे पडते, एवढेच नव्हे. व्रणातील जंतूंशी सामना देण्यासाठी शरीर त्या जागी ज्या संरक्षक पेशी धाडते, त्यांत सीडी-४ धारण करणाऱ्या पेशी विपुल असतात. म्हणजे ज्या पेशींच्या शोधात विषाणू असतो त्याच पेशी उघड्या दाराशी येऊन उभ्या राहतात.

परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास यांसारख्या रोगांत बहुधा व्रण पडत नाही. पण मूत्रमार्गाचा अथवा गर्भाशयमुखाचा दाह होतो. दाह झालेल्या आवरणातही अशाच पेशी गोळा होतात. त्यामुळे व्रण नसतानाही धोका वाढतो.

याची दुसरीही बाजू आहे. ज्याला एच. आय. व्ही.ची लागण आधीच झालेली आहे त्याला असा रोग जडल्यास तो दुसऱ्यास अधिक संसर्ग देऊ शकतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलावीतील एका अभ्यासात, मूत्रमार्गदाह असलेल्या बाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे प्रमाण, तसा दाह नसलेल्या बाधित पुरुषांच्या तुलनेने सुमारे आठपट आढळले. रक्तातील प्रमाणात असा फरक नव्हता. आणि दाहावर प्रतिजैविकांचा उपचार होताच दोन आठवड्यांत वीर्यातील विषाणूही उतरला. थोडक्यात, लैंगिक रोग घेणाऱ्याचे दार उघडतो आणि देणाऱ्याचा हात सैल करतो.

पुण्याचा पुरावा

१९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. पुढील वर्षापासून तेथील संशोधकांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील गुप्तरोग-चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या निष्कर्षांत २,८०० रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या जवळपास रुग्णांना एच. आय. व्ही.ची लागण झालेली आढळली. जननेंद्रियावर व्रण असणे अथवा पूर्वी होऊन गेलेला असणे हे लागणीशी निगडित होते. लागण नसलेल्या रुग्णांचा पुढे मागोवा घेतला असता, ज्यांना व्रण वारंवार होत त्यांच्यात नवी लागण अधिक होत असल्याचे दिसले.

या मालिकेतील एक निष्कर्ष विशेष विचारात घेण्याजोगा आहे. हर्पीसचा दुसऱ्या प्रकारचा विषाणू शरीरात एकदा शिरला की जन्मभर राहतो. त्याचा व्रण येतो, भरतो, पुन्हा येतो. पुष्कळांना तर व्रण कधी आला हे कळतही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या अभ्यासात २,७०० हून अधिक रुग्णांची पाहणी होती. ज्यांना हर्पीस पूर्वीच झालेला होता त्यांना एच. आय. व्ही. होण्याचा धोका, तो नसलेल्यांच्या १.६७ पट आढळला. ज्यांना तो नुकताच जडला होता त्यांच्या बाबतीत हा धोका ३.८१ पट होता. रोग ताजा असताना धोका सर्वाधिक असतो, आणि नेमक्या त्याच काळात मनुष्य लाजेने घरी बसतो किंवा भिंतीवरील जाहिरातीच्या पत्त्यावर जातो.

‘दुसऱ्या’ स्त्रिया

पुण्याच्या संशोधनातील सर्वांत हृदयभेदक भाग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ ते १९९६ या काळात चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा त्यात विचार केलेला होता. त्यांपैकी ५२५ स्त्रिया वेश्याव्यवसायात होत्या; त्यांच्यात लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के होते. हा आकडा भयंकर असला तरी अनपेक्षित नव्हता. उरलेल्या ३९१ स्त्रिया त्या व्यवसायातील नव्हत्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य पुरुषाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.६ टक्के आढळले. आणि लैंगिक रोग असलेल्या जोडीदाराशी आलेला संबंध हा या लागणीशी निगडित असलेला घटक ठरला.

या स्त्रियांचे वर्तन सर्व सामाजिक संकेतांनुसार निर्दोष होते. प्रतिबंधाचे जे उपदेश त्या काळी दिले जात, म्हणजे एकनिष्ठ राहा, परक्याशी संबंध ठेवू नका, ते सारे त्यांनी न सांगता पाळले होते. त्यांच्या बाबतीत दोन्ही गुपिते एकत्र आली. पतीने आपला व्रण अथवा स्राव लाजेपोटी लपविला, आणि पत्नीच्या शरीरात शिरलेल्या रोगाने लक्षणांवाचून स्वतःला लपविले. परमा आणि क्लॅमिडिया पुरुषाला बहुधा जळजळीने जाणवतात. स्त्रीच्या गर्भाशयमुखाशी ते पुष्कळदा निःशब्द राहतात. अंगावरून जाणारा पांढरा स्राव हे तर बायकांचे ‘नेहमीचे दुखणे’ मानले जाते. ते सासूला सांगावे की न सांगावे याचाच निर्णय होत नाही. पुढे लागण उघडकीस आली तरी कुटुंबात प्रश्न विचारला जातो तो तिलाच. १८६८ च्या कायद्याने पत्नीकडे पाहिले नव्हते. सव्वाशे वर्षांनंतर वैद्यकाने पाहिले, तेव्हा बराच उशीर झालेला होता.

कारण की सोबती?

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. लैंगिक रोग आणि एच. आय. व्ही. या दोहोंचा मार्ग एकच आहे. तेव्हा ज्याला एक झाला त्याला दुसराही झाला, यात एकाने दुसऱ्याला वाट करून दिली असे कशावरून? कदाचित दोघेही एकाच रस्त्याचे प्रवासी असतील. निरीक्षणात्मक अभ्यासांत हा संशय पूर्णपणे फिटत नाही. म्हणून प्रयोगाची गरज भासली. लैंगिक रोगांवर उपचार केले असता एच. आय. व्ही.ची नवी लागण घटते काय, हे पाहण्याचे प्रयोग आफ्रिकेत झाले आणि त्यांची उत्तरे परस्परविरोधी आली.

टांझानियातील म्वांझा भागात सहा समुदायांतील आरोग्यकेंद्रांवर लैंगिक रोगांच्या उपचारांची सोय सुधारण्यात आली, आणि त्यांची तुलना तशी सुधारणा न केलेल्या सहा समुदायांशी केली गेली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. शेजारच्या युगांडातील राकाई जिल्ह्यात पद्धत निराळी होती. तेथे तक्रार असो वा नसो, दर दहा महिन्यांनी घरोघरी सर्व प्रौढांना औषधे देण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काही लैंगिक रोग घटले, एच. आय. व्ही.ची नवी लागण मात्र घटली नाही.

या विसंगतीचे स्पष्टीकरण पुढील चर्चेत बऱ्याच अंशी झाले. म्वांझा येथे साथ तुलनेने नवी होती, बरे होऊ शकणारे रोग पुष्कळ होते आणि तक्रार उद्भवताच उपचार मिळत होता. राकाई येथे साथ समाजात खोल मुरलेली होती. व्रणांना पुष्कळदा हर्पीस कारण होता, ज्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. शिवाय दोन फेऱ्यांमधील दहा महिन्यांत रोग पुन्हा जडण्यास भरपूर अवकाश होता. त्यानंतर हर्पीस दाबून ठेवणाऱ्या ॲसायक्लोव्हिर या औषधाचे प्रयोग झाले. २००८ आणि २०१० मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, आणि तेही निराशाजनक होते. व्रण घटले, विषाणूचे प्रमाणही थोडे उतरले, पण एच. आय. व्ही.चा प्रसार थांबला नाही. २००९ मधील एका सूक्ष्म अभ्यासाने याचे एक कारण दाखविले. हर्पीसचा व्रण वरून भरून आल्यावरही त्या जागी विषाणूला ग्रहणक्षम अशा पेशी कित्येक आठवडे ठाण मांडून असतात. डोळ्यांना बरी दिसणारी त्वचा आत बरी झालेली नसते. दुसऱ्या गुपिताचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तात्पर्य असे की, लैंगिक रोग धोका वाढवितात यात शंका नाही. परंतु त्यांवरील औषध हाच एच. आय. व्ही.वरील उपाय, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. वेळेवर झालेला उपचार, निरोधचा वापर, जोडीदाराची तपासणी आणि एच. आय. व्ही.वरील औषधे यांची सांगड घालावी लागते. यांतील शेवटच्या दुव्याचे बळ २०११ मध्ये सिद्ध झाले. ज्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात पुणे आणि चेन्नई येथील केंद्रे सहभागी होती, त्यात बाधित व्यक्तीस लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे आढळले. रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधांतून तो संक्रमित होत नाही, आणि मध्येच अन्य लैंगिक रोग झाला तरी हे संरक्षण टिकते, असे पुढील युरोपीय अभ्यासांतून दिसून आले. अर्थात ते संरक्षण एच. आय. व्ही.पुरतेच असते, उपदंश वा परमा यांना ते अडवीत नाही.

भाषेचे काम

भारतात ही औषधे शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली २००४ पासून. लैंगिक रोगांसाठी असलेल्या शासकीय चिकित्सालयांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असे नाव देण्यात आले. त्यांत रोगाच्या नावाऐवजी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी निरनिराळ्या रंगांची औषधपाकिटे असतात. प्रयोगशाळेची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार मिळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु जिला लक्षणच नाही तिला हे पाकीट कसे मिळावे? याचे एकच उत्तर संभवते, आणि ते म्हणजे लक्षण असलेल्या जोडीदाराने घरी जाऊन बोलणे. म्हणजे दुसरे गुपित फोडण्याचा रस्ता पहिले गुपित फोडण्यावरूनच जातो.

हे बोलणे शक्य आहे, याचा दाखला ज्यांच्याकडून कोणी अपेक्षा केली नव्हती अशा स्त्रियांनी दिला. सांगली येथे १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेचे काम सुरू झाले आणि त्यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या वस्तीत निरोध वाटले आणि तपासणीसाठी एकमेकींना सोबत केली. ज्यांच्या शरीराला कायद्याने कधीकाळी रोगाचे घर मानले होते, त्याच प्रतिबंधाच्या शिक्षिका झाल्या.

वैद्यकाच्या परिभाषेत आज ‘गुप्तरोगा’ऐवजी ‘लैंगिक संसर्ग’ हा शब्द योजला जातो. तो केवळ सौम्य शब्द म्हणून घेतला तर त्याचे मर्म हरवेल. ‘रोग’ म्हटले की लक्षण अभिप्रेत असते. ‘संसर्ग’ लक्षणांवाचूनही असू शकतो. ‘गुप्त’ हे विशेषण गळून पडले की लाज शब्दापुरती तरी सैल होते, आणि ‘संसर्ग’ या नामामुळे न जाणवणाऱ्या अवस्थेलाही नाव मिळते. लोकभाषेने गरमी, परमा, बद ही नावे दिली ती जे जाणवले त्याला. जे जाणवत नाही त्याला नाव देण्याचे काम अजून घरोघरी पोहोचावयाचे आहे. पुण्याच्या चिकित्सालयांत नव्वदीच्या दशकात आलेल्या त्या विवाहित स्त्रियांपैकी कित्येकींना आपल्याला नेमके काय झाले आहे हे सांगणारा शब्द ठाऊक नव्हता, आणि ज्याला काही ठाऊक होते तो घरात गप्प होता.